कोलोरॅडोच्या उंच डोंगरांत वाटाड्याविना एल्कची शिकार : परवाना, वारा आणि मांसाचे ओझे

सह्यकडा

या विषयावरचे सुटे प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांत येत राहतात आणि उत्तरेही तिथेच विरून जातात, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे. व्यावसायिक वाटाड्या, घोडे आणि तयार तळ यांच्यासाठी कित्येक हजार डॉलर न मोजता, सरकारी जंगलात स्वतः जागा हेरून, स्वतः शिकार करून, मांस स्वतःच्या पाठीवरून खाली आणणे एवढाच या धाग्याचा आवाका आहे. खासगी रँचवरच्या शिकारीची चर्चा कृपया दुसरीकडे करावी.

कोलोरॅडो निवडण्याचे कारण सरळ आहे. राज्यात पावणेतीन ते तीन लाखांच्या दरम्यान एल्क आहेत आणि एवढे अमेरिकेतल्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात नाहीत. शिवाय व्हाइट रिव्हर, राउट, गनिसन, सान ह्वान यांसारखी राष्ट्रीय वने सर्वांना खुली आहेत. एल्क हा सांबराच्या कुळातला, पण त्याहून मोठा प्राणी आहे. पूर्ण वाढलेला नर सव्वातीनशे किलोंच्या आसपास भरतो, तर मादी सव्वादोनशेच्या. उन्हाळ्यात हे कळप वृक्षरेषेच्या आसपास, म्हणजे साडेअकरा हजार फुटांपर्यंत चरत असतात आणि जोराचा बर्फ पडू लागला की टप्प्याटप्प्याने खाली उतरतात.

परवान्यांची व्यवस्था पहिल्यांदा वाचणाऱ्याला किचकट वाटते. राज्याचे अनेक शिकार विभाग पाडलेले आहेत आणि बहुतेक परवाने सोडतीने मिळतात. सोडतीच्या अर्जाची मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी संपते. सोडतीत नाव न आल्यास एक पसंती गुण जमा होतो आणि पुढच्या वर्षी तो उपयोगी पडतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या रायफल हंगामासाठी अनेक विभागांत नराचे परवाने सोडतीविना थेट विकत मिळतात. धनुर्धाऱ्यांसाठीही पूर्वी अशी सोय होती, पण परराज्यातल्यांसाठी ती 2025 पासून बंद झाली असून त्यांनाही आता सोडतीतूनच यावे लागते. परराज्यातल्या माणसाला नराचा परवाना आठशे डॉलरच्या आसपास पडतो. कोलोरॅडोत सलग सहा महिने वास्तव्य झालेल्या रहिवाशाचा खर्च त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आतबाहेर असतो. नियम दर वर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे राज्याच्या उद्यान व वन्यजीव खात्याची त्या वर्षीची पुस्तिका आधी वाचावी आणि मगच पैसे भरावेत.

माझे मत सुरुवातीलाच मांडतो, म्हणजे पुढचा वाद त्याला धरून होईल. नवखे लोक नकाशा उघडला की पहिल्यांदा एल्क कुठे असतील ते शोधतात. माझ्या मते पहिला प्रश्न असा असावा की मारलेला एल्क कुठून खाली आणता येईल. मांस नासण्याआधी जिथून आणता येणार नाही, तिथे एल्क दिसला तरी बंदूक उचलू नये. खाण्याजोगे मांस जंगलात टाकून येणे हा कोलोरॅडोत गुन्हा आहे. तो गुन्हा नसता तरीही मी हेच म्हटले असते.

हंगाम कोणता निवडावा, हे आपल्या स्वभावावर अवलंबून आहे. सप्टेंबरात माजाचा काळ असतो, नर हाका घालतात आणि धनुर्धाऱ्याला ते जवळ बोलावता येतात. ऑक्टोबरच्या अखेरच्या रायफल हंगामात माज संपलेला असतो आणि बंदुकांचे आवाज ऐकून कळप शहाणे झालेले असतात. दिवसभर ते उत्तर उतारांवरच्या दाट स्प्रूस-फरच्या झाडीत दडून राहतात आणि अंधार पडल्यावर कुरणात उतरतात. सूर्योदयापूर्वी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढीच मुभा असल्यामुळे सगळा खेळ दिवसाच्या दोन टोकांवर येऊन ठेपतो. राज्यातल्या एल्क-शिकाऱ्यांपैकी पाचांतल्या जेमतेम एकाला यश येते, आणि त्यात खासगी जमिनीवर शिकार करणारेही आले. हे ठाऊक ठेवूनच रजा टाकावी.

उत्तरायण

धागा काढल्याबद्दल आभार. मी टेक्सासमध्ये राहतो आणि एच-१बी व्हिसावर आहे. या व्हिसावरच्या माणसाला बंदूक हातात घेणे मुळातच बेकायदा आहे, असे कचेरीतले सहकारी सांगतात, तर काही जण म्हणतात की शिकारीचा परवाना असला की चालते. यातले खरे काय? आणि परवान्यासाठी आधी एखादी परीक्षा द्यावी लागते का?

कलमबहाद्दर

दोघेही आपापल्या जागी अर्धे बरोबर आहेत. बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास संघीय कायद्याने 1998 पासून बंदी आहे. त्याच कायद्यात अपवादही आहे आणि अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने रीतसर दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना जवळ असणे हा त्यातला नेहमी लागू पडणारा अपवाद आहे. यातली मेख मुदतीत आहे. परवान्याची मुदत ज्या दिवशी संपते त्या दिवसापासून घरात ठेवलेली बंदूक तुम्हाला अडचणीत आणू शकते. त्याचे परिणाम दंडावर न थांबता व्हिसापर्यंत जातात. म्हणून विकत घेण्याआधी, किंवा मित्राची बंदूक हातात घेण्याआधीसुद्धा, स्थलांतर कायद्याच्या वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा. धाग्यावरच्या माहितीवर, म्हणजे माझ्याही माहितीवर, विसंबून राहू नये. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही बंदी लागू होत नाही. धनुष्यबाण संघीय कायद्याच्या व्याख्येनुसार बंदूक ठरत नाही, त्यामुळे व्हिसावरच्या अनेकांनी तोच मार्ग धरलेला आहे.

परीक्षेबद्दल सांगायचे तर, 1 जानेवारी 1949 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत परवाना घेण्यासाठी शिकारी सुरक्षा अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र लागते. टेक्सासमध्ये घेतलेले प्रमाणपत्र इथे चालते. बंदूक कोलोरॅडोत विकत घेणार असाल तर 2023 पासून किमान तीन दिवस थांबावे लागते, तेव्हा शुक्रवारी विमानातून उतरून शनिवारी बंदूक घेऊन डोंगरात जाण्याचा बेत आखू नये.

गिरिभ्रमर

सह्यकडा, तुमच्या मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही. रस्त्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यात नारिंगी जाकिटे घातलेल्या शिकाऱ्यांची जत्रा असते. तिथे जो कळप असतो तो पहिल्याच पहाटे हललेला असतो. मी फ्लॅट टॉप्सच्या संरक्षित रानात आठ-नऊ किलोमीटर आत तंबू टाकतो. तिथे मोटारच काय, सायकल आणि हातगाडीसुद्धा नेता येत नाही, कारण 1964 च्या कायद्याने अशा रानांत यांत्रिक वाहतुकीला मनाई आहे आणि त्यामुळेच तिथे शांतता असते. माणसांपासून दूर जाणे हाच एल्क मिळवण्याचा हमखास उपाय आहे, असे माझे अनुभवान्ती मत आहे. मांस आणण्याची काळजी एल्क पडल्यावर करता येते.

सह्यकडा

आत एल्क अधिक निवांत असतात, हे मान्य. पण "काळजी नंतर करता येते" हे वाक्य मान्य नाही, म्हणून हिशोब मांडतो. सव्वातीनशे किलोंच्या नरातून हाडे काढलेले मांस साधारण शंभर किलो निघते. साडेदहा हजार फुटांवर, पाठीवर नेहमीचे सामान असताना, सरासरी प्रकृतीच्या माणसाने एका खेपेत पंचवीस किलोंहून अधिक मांस घेऊ नये, म्हणजे खेपा झाल्या चार. गाडी पाच किलोमीटरवर असेल तर चार वेळा ओझे घेऊन उतरणे आणि मधल्या तीन वेळा रिकाम्या पाठीने चढणे, असे मिळून पस्तीस किलोमीटर होतात. तुम्ही आठ किलोमीटर आत असाल तर हाच आकडा छप्पन्नवर जातो. यात डोके आणि शिंगे धरलेली नाहीत, आणि वाटेत आडव्या पडलेल्या ओंडक्यांवरून पाय उचलून टाकत जावे लागते, तेही धरलेले नाही. तुमच्याबरोबर दोन दमदार सोबती असतील किंवा लामा हे ओझे वाहणारे प्राणी भाड्याने घेतलेले असतील तर गणित बदलते. एकट्या माणसासाठी, सप्टेंबरच्या उन्हात, ते बदलत नाही.

दुसरे असे की, माणसांपासून दूर असणे आणि रस्त्यापासून दूर असणे यांत फरक आहे. पायवाटेवरून सगळेच आत जातात. पण ज्या ठिकाणी गाडी थांबवायला जागा नाही, रस्त्यालगतच तीनशे-चारशे फुटांचा उभा चढ आहे किंवा आधी एक ओढा ओलांडावा लागतो, तिथे फारसे कोणी शिरत नाही. नकाशावर अशी घळ शोधावी, तिच्या माथ्यावर उत्तरेकडे तोंड असलेली दाट झाडी आणि तिला लागून छोटे कुरण आहे का ते पाहावे. रस्त्यापासून दीड किलोमीटरवर अशा जागी नव्या लेंड्या मी पाहिलेल्या आहेत. त्याच वेळी खालच्या वाटेवरून माणसे डोक्यावर दिवे लावून सात किलोमीटर आत निघालेली असतात.

हे करताना मालकीच्या सीमा मात्र डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. कोलोरॅडोत जमीनमालकाने कुंपण घालणे किंवा पाटी लावणे बंधनकारक नाही. हद्द ओळखणे ही शिकाऱ्याची जबाबदारी आहे. फोनमध्ये मालकी दाखवणारा नकाशा आधीच उतरवून घ्यावा, कारण वर गेल्यावर नेटवर्क नसते.

गिरिभ्रमर

हिशोब चुकीचा नाही. आम्ही तिघे असतो, हे मी आधी सांगायला हवे होते. मात्र तुम्ही सांगता तशी जागा उन्हाळ्यात प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय सापडत नाही, आणि टेक्सासहून येणाऱ्याला ते कसे जमावे?

सह्यकडा

जमत नसेल तर उपग्रहचित्रांवरून पाच-सहा जागा निवडून क्रम लावून ठेवावा आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत एकेक तपासत जावे. ताजी विष्ठा, खूर आणि तीव्र गोठ्याचा वास यांतले काहीच नसेल तर त्या जागेवर जीव जडवू नये आणि तळ हलवावा. याच कारणासाठी आत तंबू टाकण्यापेक्षा गाडीजवळ तळ ठेवणे मला बरे वाटते.

निशिगंध

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, त्यामुळे उंचीबद्दल लिहितो. आपल्यापैकी बहुतेक जण ह्यूस्टन, न्यू जर्सी किंवा बे एरियातून, म्हणजे समुद्रसपाटीवरून, येतात आणि दुसऱ्या दिवशी दहा हजार फुटांवर ओझे घेऊन धावपळ करू पाहतात. सह्याद्रीतला अनुभव इथे फारसा कामाला येत नाही, कारण कळसूबाईची उंची 1646 मीटर आहे आणि डेन्व्हर शहरच 1600 मीटरवर वसलेले आहे. अडीच हजार मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही लक्षणे धडधाकट माणसालाही होतात. तरुण आणि व्यायाम करणारा माणूस त्यातून सुटतो, असा समज निराधार आहे.

शक्य असल्यास एक-दोन रात्री मधल्या उंचीवर काढाव्यात, पहिले दोन दिवस संथ चालावे आणि मद्य टाळावे. ज्यांना पूर्वी त्रास झालेला आहे त्यांनी ॲसिटाझोलामाइडबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलावे. प्रतिबंधासाठी सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. बसल्या जागी धाप लागणे, खोकला न थांबणे, तोल जाणे किंवा बोलणे असंबद्ध होणे यांपैकी काहीही दिसले तर रात्र असो वा समोर कळप असो, त्या माणसाला ताबडतोब खाली उतरवावे. उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र एकट्याने जाणाऱ्याकडे असलेच पाहिजे.

शब्दवेधी

धनुष्याच्या हंगामाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण वारा हा विषय धाग्याच्या शीर्षकात आहे आणि अजून कोणी त्याला हात घातलेला नाही.

एल्कचे कान आणि डोळे चुकवता येतात, नाक चुकवता येत नाही. कुजबुज किंवा काडी मोडल्याचा आवाज आला तरी तो थबकून बघतो, कारण इतर एल्कही काड्या मोडतच असतात. माणसाचा वास आला की मात्र अख्खा कळप दरी ओलांडून जातो आणि त्या दिवशी परत येत नाही. स्वच्छ हवामानात डोंगरातला वारा घड्याळ लावल्याप्रमाणे वागतो. रात्रभर गार झालेली जड हवा पहाटे उतारावरून खाली वाहत असते. ऊन चढून उतार तापला की साडेआठ-नऊच्या सुमारास ती उलटते आणि वर चढू लागते. संध्याकाळी सावली पडली की पुन्हा खाली. म्हणून पहाटे खालच्या बाजूने कळपाकडे जावे आणि ऊन चढल्यावर वरच्या बाजूने. उलटण्याच्या मधल्या अर्ध्या-पाऊण तासात हवा गोल फिरते, तेव्हा कळपापासून दूर एका जागी बसून राहणे उत्तम. मी गळ्यात बारीक पुडीची पिचकारी बाटली अडकवतो आणि दर काही मिनिटांनी चिमूटभर पूड हवेत सोडतो. पूड माझ्या छातीपासून पुढे जाऊ लागली की मागे फिरतो, मग नर कितीही जवळून हाक घालत असो.

हाकेबद्दल लोक फार रंगवून सांगतात. नर आधी खोल घोगऱ्या स्वराने सुरू करतो, ती हाक चढत जाऊन लांब शिट्टीसारखी ताणली जाते आणि शेवटी दोन-तीन हुंकार देऊन थांबते. नवशिक्याने नळी विकत घेऊन नराची हाक घालण्याच्या फंदात पडू नये. माद्यांचा लवाजमा असलेला नर आव्हान ऐकले की बहुतेकदा आपल्या माद्या घेऊन दूर निघून जातो. मादीचा हलका, लहानसा आवाज शिकावा, तोही हात राखून वापरावा. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर भरपूर हाका ऐकू येतात, पण तोवर नरांनी माणसांच्या नकलाही भरपूर ऐकलेल्या असतात.

चिखलाच्या डबक्यांवर लक्ष ठेवावे. नर त्यात लोळून अंगाला मूत्रमिश्रित चिखल फासतो. डबक्यातले पाणी गढूळ असेल आणि काठच्या गवतावर ओला चिखल उडालेला असेल तर तो तासाभरापूर्वी तिथे होता. पाणी निवळलेले आणि चिखल पापुद्रे धरून वाळलेला असेल तर पुढे चला.

बाण सोडल्यावर लगेच धावत सुटणे हे नव्या शिकाऱ्याचे सर्वांत घातक कृत्य आहे. बाण फुप्फुसात लागला अशी खात्री असली तरी अर्धा तास जागचे हलू नये आणि पोटात लागल्याची शंका असेल तर कित्येक तास थांबावे, नाहीतर जखमी जनावर उठून मैलभर जाते आणि हाती लागत नाही.

शाकंभरी

धाग्याचा विषय माझा नाही, पण वाचल्यावाचून राहवले नाही. पोट भरण्याची भ्रांत नसताना, इतका खर्च आणि इतके श्रम करून एवढे देखणे जनावर मारावे असे वाटते तरी कसे? भारतात 1972 च्या कायद्यानंतर आपण शिकार मागे टाकली, ती इथे येऊन पुन्हा कशाला सुरू करायची?

सह्यकडा

प्रश्न रास्त आहे आणि तो टाळणार नाही, मात्र उत्तर आटोपशीर देतो. विक्रीसाठी केलेल्या बेसुमार शिकारीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोतले एल्क जवळपास संपले होते आणि 1913-14 मध्ये एस्टेस पार्कला यलोस्टोनमधून एल्क आणून सोडावे लागले. आज वन्यमांस विकता येत नाही आणि मारण्याची संख्या दर वर्षी विभागवार ठरते. वन्यजीव खात्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग शिकार आणि मासेमारीच्या परवान्यांतून येतो. त्याच्या जोडीला बंदुका आणि काडतुसांवर संघीय कर आहे, त्यातून 1937 च्या कायद्यानुसार राज्यांना अधिवास-संवर्धनासाठी पैसे मिळतात. रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात शिकारीला बंदी आहे. तिथे वाढलेल्या कळपांनी विलो आणि ॲस्पेनची झाडी इतकी खाल्ली की प्रशासनाला काही भागांना कुंपणे घालावी लागली आणि काही एल्क मारावेही लागले. मतदारांनी 2020 मध्ये दिलेल्या कौलानुसार डिसेंबर 2023 मध्ये लांडगे पुन्हा सोडण्यास सुरुवात झाली, त्यांचा कळपांवर काय परिणाम होतो ते पुढे दिसेल.

हे सगळे व्यवस्थापनाचे उत्तर झाले. मला व्यक्तिशः का करावेसे वाटते याचे उत्तर एवढेच की मी मांस खातो आणि त्यातले काही मांस तरी स्वतः मारलेल्या, मोकळ्या रानात जगलेल्या जनावराचे असावे असे मला वाटते. हे तुम्हाला पटावे असा आग्रह नाही. भारताची तुलना मात्र इथे लागू होत नाही. तिथली वने, तिथली लोकसंख्या आणि उरलेल्या जनावरांची संख्या पाहता तो कायदा योग्यच होता आणि आहे.

शाकंभरी

पटले नाही, पण उत्तर प्रामाणिक आहे. पुढचे चालू द्या.

उत्तरायण

कायद्याची आणि उंचीची माहिती फार उपयोगी पडली. आता एक अगदी प्राथमिक प्रश्न विचारतो. मी मटणाच्या दुकानातसुद्धा लांब उभा राहणारा माणूस आहे. तीनशे किलोंचे जनावर पडल्यावर नेमके काय करायचे? आणि नवख्याने नर मागावा की मादी?

सह्यकडा

मादी. सोडतीत अनेक विभागांत मादीचा परवाना गुण नसतानाही मिळतो, मांस अधिक मऊ असते आणि ओझे तिसऱ्या हिश्श्याने कमी होते. थेट मिळणाऱ्या नराच्या परवान्यावर बहुतेक विभागांत आणखी एक अट असते, ती अशी की एका शिंगाला किमान चार टोके किंवा कपाळाजवळचे टोक किमान पाच इंच लांब असले पाहिजे. पहाटेच्या अंधुक उजेडात, हात थरथरत असताना, टोके मोजण्याची परीक्षा पहिल्याच वर्षी कशाला द्यायची?

आता जनावर पडल्यावर. सर्वप्रथम बंदूक रिकामी करून बाजूला ठेवावी, मग परवान्याला जोडलेली चिठ्ठी सही व तारीख घालून भरावी. नंतरचा शत्रू एकच, उष्णता. जाड कातडे आणि मांड्यांचे प्रचंड स्नायू यांमुळे आतली ऊब तासन्‌तास टिकते आणि बाहेर गारठा असला तरी खुब्याच्या हाडालगतचे मांस आतून आंबू लागते. म्हणून मी पोट न फाडण्याची पद्धत वापरतो. जनावर एका कुशीवर ठेवून पाठीच्या कण्यावरून, मानेपासून शेपटीपर्यंत, कातडे चिरायचे आणि ते पोटाकडे सोलत आणायचे. सुरीची धार आतून बाहेर ठेवावी, म्हणजे केस कापले जाऊन मांसावर पडत नाहीत. पुढचा पाय खांद्याला सांध्याने जोडलेला नसतो. तो वर उचलून धरला की बरगडी आणि पाय यांच्यामधल्या पडद्यावरून सुरी फिरवताच सुटून येतो. मागच्या मांडीला मात्र खुब्याचा सांधा शोधावा लागतो. मांडी हलवत राहून सुरीच्या टोकाने वाटीपर्यंत जावे, आतली शीर कापली की टक्‌ असा आवाज होऊन सांधा उघडतो. मग कण्याला समांतर असलेला पाठीचा लांब पट्टा, मानेचे मांस आणि शेवटी, आतडी बरगड्यांच्या मागून किंचित दाबून धरत, कण्याच्या खालच्या बाजूचा मऊ पट्टा काढावा. जनावर उलटवून दुसऱ्या कुशीवर हेच सगळे पुन्हा करावे. चारही पाय, पाठीचे पट्टे आणि कण्याखालचे मऊ पट्टे आणणे ही कायद्याने किमान अपेक्षा आहे. मी मान आणि बरगड्यांमधले मांसही सोडत नाही.

प्रत्येक तुकडा हवा खेळेल अशा कापडी पिशवीत घालून सावलीत, जमिनीपासून उंच टांगावा. प्लॅस्टिकची पिशवी घरून आणूच नये. लिंगाचा पुरावा मांसाच्या एखाद्या मोठ्या तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहिला पाहिजे. वनरक्षकाने वाटेत थांबवले तर तो पहिल्यांदा तेच पाहतो. पिशव्या टांगताना मृत देहापासून शंभर-दीडशे पावले दूर आणि लांबून दिसेल अशा जागी टांगाव्यात. कोलोरॅडोत ग्रिझली नाहीत, पण काळी अस्वले भरपूर आहेत आणि दुसऱ्या खेपेला परत येताना आधी लांबूनच दुर्बिणीतून पाहून घेणे बरे. रायफल हंगामात, ओझे उचलताना जाकीट काढून ठेवले तरी नारिंगी कापड अंगावर आणि डोक्यावर राहिलेच पाहिजे. कमरेच्या वर किमान पाचशे चौरस इंच झळझळीत नारिंगी किंवा गुलाबी आणि त्याच रंगाची टोपी, असा नियमच आहे.

काडतुसाबद्दल कोणी विचारण्याआधीच सांगतो. एल्कसाठी किमान व्यास पॉइंट ट्वेंटी-फोर इंच आणि लागल्यावर फुलणारी गोळी, ही कायद्याची अट आहे. शिशाऐवजी तांब्याच्या गोळ्या वापराव्यात, कारण शिशाचे सूक्ष्म कण खिम्यात उतरतात आणि मागे राहिलेला सांगाडा खाणाऱ्या गरुडांनाही विषबाधा होते.

माजघर

आमच्या घरी नवरा आणतो आणि पुढचे सगळे माझ्याकडे येते, म्हणून स्वयंपाकाबद्दल लिहिते. एल्कची चरबी आधी काटेकोरपणे काढून टाका. ती बोकडाच्या चरबीप्रमाणे रश्श्यात विरघळून चव देत नाही, गार होताच मेणासारखी टाळूला चिकटते. मांस स्वतः अतिशय कमी चरबीचे असल्यामुळे नेहमीच्या मटणाच्या अंदाजाने केले तर चामट होते. पाठीचा पट्टा फक्त मीठ-मिरी लावून तापलेल्या बिडाच्या तव्यावर, आत गुलाबी राहील इतकाच भाजावा. त्याचा रस्सा करणे म्हणजे मांस वाया घालवणे. रश्श्याला पायाच्या नळीचे आणि मानेचे तुकडे घ्यावेत. आले-लसूण आणि दही लावून रात्रभर ठेवून, कांदा-खोबऱ्याच्या भाजक्या वाटणात मंद आचेवर तीन तास शिजवले की नळीवरचे शिरायुक्त मांस सुटून येते. कुकरमध्ये पाऊण तास पुरतो. खिमा करताना थोडी बोकडाची चरबी मिसळावी, नाहीतर कबाब तव्यावर भुगा होतात.

सह्यकडा, एक प्रश्न आहे. हरणांच्या मेंदूच्या रोगाबद्दल आमच्या ओळखीतले लोक घाबरवत असतात. तपासणी खरेच करावी का?

सह्यकडा

करावी. हा प्रथिनांच्या विकृतीमुळे होणारा, मेंदू पोखरणारा रोग आहे. तो 1967 मध्ये कोलोरॅडोतच, बंदिस्त हरणांत, पहिल्यांदा नोंदवला गेला. माणसाला झाल्याचे एकही सिद्ध उदाहरण आजवर नाही, तरीही बाधित जनावराचे मांस खाऊ नये अशी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राची शिफारस आहे. शिजवल्याने तो घटक नष्ट होत नाही. काही विभागांत ठरावीक वर्षी तपासणी सक्तीची असते, तसे पत्र परवानाधारकाला येते. सक्ती नसली तरी डोके वन्यजीव खात्याच्या कार्यालयात नेऊन दिल्यास घशामागच्या लसिका ग्रंथींचा नमुना घेतात. त्यामुळे मादीचे डोकेही खाली आणावे लागते, ते खेपांच्या हिशोबात धरा.

उत्तरायण, परराज्यात मेंदू आणि कणा नेण्यावर अनेक राज्यांची बंदी आहे, तेव्हा हाडे इथेच काढून फक्त मांस न्यावे आणि आपल्या राज्याचा त्या वर्षीचा नियम निघण्याआधी पाहून ठेवावा. अहवाल येण्यास काही आठवडे लागू शकतात. मधल्या काळात मांस गोठवून ठेवावे आणि प्रत्येक पाकिटावर नमुन्याचा क्रमांक व तारीख लिहावी. दोन सोबत्यांचे एल्क एकाच फ्रीझरमध्ये असतील तर खिमा वेगवेगळा दळावा, म्हणजे एकाचा अहवाल वाईट आला तरी दुसऱ्याचे मांस टाकावे लागत नाही.